आरसी गाडीच्या बॅटरीसाठी कनेक्टर कसा निवडावा आणि कसा बसवावा

खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या माझ्या जुन्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाडीत मी ब्रशची मोटर काढून ब्रशलेस मोटर बसवली, निकेलच्या बॅटरीऐवजी लायपो (लिथियम पॉलिमर) घेतली, दात मोजून गिअरही बदलले. कनेक्टर तेवढा गाडीबरोबर आलेला पांढरा टॅमिया पद्धतीचाच राहू दिला. तिसऱ्याच बॅटरीला गाडी मध्येच मंदावली आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. बॉडी काढून पाहिले, तर कनेक्टरची एक बाजू तपकिरी पडली होती, दोन्ही अर्धे भाग एकमेकांत वितळून बसले होते आणि लाल तारेचे आवरण कनेक्टरपासून बोटभर अंतरापर्यंत कडक झाले होते. बॅटरी सुटी करायला तार कापण्यावाचून मार्ग उरला नव्हता, आणि भरलेल्या लायपोची तार घाईत कापणे हे या छंदातील सर्वांत धोक्याच्या कामांपैकी एक आहे.

त्या दिवसापासून मी कनेक्टरकडे गाडीचा एक स्वतंत्र भाग म्हणून पाहतो. मोटर, ईएससी म्हणजे गतिनियंत्रक आणि बॅटरी यांची निवड आपण आठवडाभर विचार करून करतो. त्या तिघांमधून जाणारा सगळा प्रवाह ज्या दोन बारीक धातूच्या तुकड्यांमधून वाहतो, त्यांचा विचार मात्र बॅटरी दारात आल्यावर सुरू होतो. पुढील पायऱ्या त्याच्या आधी करायच्या आहेत.

कनेक्टर का तापतो

कनेक्टरमध्ये दोन धातूचे पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असतात, आणि ते डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी प्रत्यक्षात काही मोजक्या बिंदूंवरच टेकतात. त्या बिंदूंवर विद्युत रोध असतो. रोधातून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. जुन्या, सैल झालेल्या जोडाचा रोध ५ मिलिओहम धरला, तर २० अँपिअरला तिथे २ वॅट उष्णता तयार होईल आणि ४० अँपिअरला ८ वॅट. नखाएवढ्या धातूत आणि बंद प्लास्टिकमध्ये ८ वॅट ही लहान गोष्ट नाही. शिवाय ४० अँपिअरला त्या जोडावर ०.२ व्होल्ट वाया जातात, आणि २एस, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या दोन सेलच्या बॅटरीच्या ७.४ व्होल्टमधून तेवढे गेले तर उचल घेताना ते चालवणाऱ्याला जाणवते.

उष्णतेमुळे संपर्काच्या आतील स्प्रिंगचा ताण कमी होतो, ताण कमी झाला की रोध वाढतो, आणि रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. त्यामुळे कमी क्षमतेचा कनेक्टर पहिल्या दिवशी फारशी तक्रार करत नाही, महिनाभर चालतो, आणि मग एका दुपारी अचानक वितळतो. महिनाभर चालला म्हणून तो योग्य आहे, असे समजू नये.

पहिली पायरी : गाडी किती प्रवाह ओढते ते काढणे

बरेच जण इथे बॅटरीवर छापलेल्या सी आकड्याचा आधार घेतात. ५००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीवर ५०सी लिहिले असेल, तर क्षमतेच्या ५० पट या हिशेबाने ती २५० अँपिअर देऊ शकते असा त्याचा अर्थ होतो. पण प्रवाह किती वाहायचा हे मोटर आणि गिअर ठरवतात, बॅटरी नव्हे. आणि तो २५० अँपिअरचा आकडा छंदातील बहुतेक कनेक्टरांच्या आवाक्याबाहेरचा असतो. त्यामुळे सी आकड्यावरून कनेक्टर निवडू नये.

त्यापेक्षा चार्जरची मदत घ्यावी. पूर्ण भरलेली बॅटरी लावून गाडी नेहमीसारखी चालवावी, चालवलेला वेळ घड्याळाने मोजावा आणि नंतर बॅटरी भरताना चार्जरने किती एमएएच परत घातले ते पडद्यावर पाहावे. समजा १५ मिनिटे गाडी चालली आणि चार्जरने ४००० एमएएच भरले. ४००० एमएएच म्हणजे ४ अँपिअर-तास, १५ मिनिटे म्हणजे पाव तास. ४ भागिले ०.२५ म्हणजे सरासरी १६ अँपिअर. ही सरासरी आहे. उभ्या गाडीला एकदम पूर्ण थ्रॉटल दिल्यावर, चढावर किंवा उंच गवतात हाच प्रवाह काही क्षण सरासरीच्या चार-पाच पटींपर्यंत जाऊ शकतो, म्हणून वरच्या गाडीसाठी ६० ते ८० अँपिअरचे झटके गृहीत धरावेत. ईएससीमध्ये नोंद ठेवण्याची सोय असेल तर कमाल प्रवाहाचा आकडा थेट मिळतो आणि अंदाजाची गरज उरत नाही.

गाडी अजून घेतलीच नसेल, तर ढोबळ मानाने असे समजावे : ब्रशची ५४० आकाराची मोटर आणि २एस किंवा सहा सेलची निकेल बॅटरी असलेली गाडी मध्यम प्रवाहात भागवते; २एस-३एस वरची ब्रशलेस एक दशांश गाडी त्याहून पुष्कळ जास्त ओढते; आणि ४एस ते ६एस वरच्या एक अष्टमांश बगी व ट्रगी यांचे झटके १०० अँपिअरच्या पुढे सहज जातात. एक अठरांश किंवा त्याहून लहान गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे प्रवाहापेक्षा जागा आणि वजन महत्त्वाचे ठरते.

दुसरी पायरी : समोर कोणते पर्याय आहेत ते ओळखणे

टॅमिया पद्धतीचा कनेक्टर अजूनही अनेक तयार गाड्यांबरोबर येतो. तो साधारण १५ अँपिअरपर्यंतच्या वापरासाठी ठीक आहे, त्याची कडी घट्ट बसते आणि ब्रशची साधी मोटर असलेल्या मुलांच्या गाडीत तो बदलण्याची घाई करण्याचे कारण नाही. मात्र त्यातील पातळ पत्र्याच्या नळ्या प्रत्येक वेळी काढता-घालताना थोड्या थोड्या सैल होत जातात. ब्रशलेस मोटर बसवायचे ठरले की तो त्याच दिवशी काढून टाकावा.

छोटा लाल जेएसटी कनेक्टर काही अँपिअरपुरताच असतो. अगदी लहान गाड्या, दिवे, पंखे यांसाठी तो योग्य आहे. लहान गाडीला थोडी मोठी मोटर बसवली असेल तर एक्सटी३० घ्यावा. त्याच्या पिना २ मिलिमीटरच्या असतात आणि तो सतत १५ व क्षणभर ३० अँपिअर सहन करतो.

एक्सटी६० हा पिवळा कनेक्टर आज सर्वांत सहज मिळतो. अमास या चिनी कंपनीची ही मालिका आहे. यात ३.५ मिलिमीटरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या गोल पिना उष्णता सहन करणाऱ्या नायलॉनमध्ये घट्ट बसवलेल्या असतात, एका टोकाचे कोपरे कापलेले असल्यामुळे तो उलटा बसत नाही, आणि धन-ऋण खुणा प्लास्टिकवरच उठवलेल्या असतात. नावातील ६० हा आकडा मात्र नीट समजून घ्यायला हवा : कंपनीच्या तक्त्यानुसार सततचा प्रवाह ३० अँपिअर आहे आणि ६० हा अल्पकाळाचा आहे. एक्सटी९०चेही तसेच, सतत ४० आणि अल्पकाळ ९०. आपण वर काढलेली १६ अँपिअरची सरासरी या हिशेबात आरामात बसते. ६० ते ८० अँपिअरचे एक-दोन सेकंदांचे झटके एक्सटी६०च्या काठावर किंवा किंचित पलीकडे आहेत. गाडीत हे झटके इतके थोडा वेळ टिकतात की पिनांना तापायला पुरेसा अवधी मिळत नाही, आणि म्हणूनच एक दशांश गाड्यांत एक्सटी६० वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो. विमानाच्या किंवा ड्रोनच्या मोटरीवर अखंड भार असतो. त्यांच्यासाठी केलेला हिशेब गाडीला जसाच्या तसा लावू नये, आणि गाडीचा त्यांना तर मुळीच लावू नये.

डीन्स, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखी पाती असलेला कनेक्टर, एक्सटी मालिकेच्या आधीपासून आहे आणि क्षमतेने एक्सटी६०च्या आसपास येतो. आकाराने लहान, वजनाने हलका आणि अस्सल असेल तर अतिशय चांगला; पण त्याच्या सोल्डर करायच्या पात्या उघड्या असल्याने प्रत्येकीवर श्रिंक ट्यूब (उष्णतेने आवळणारी नळी) घालावीच लागते, ओल्या किंवा तेलकट हातांनी तो सुटत नाही, आणि त्याच्या नकला फार आहेत. नकलेत पातीमागची स्प्रिंग लवकर बसते आणि सोल्डर करताना प्लास्टिक मऊ होऊन पाती तिरकी होते. ज्यांच्याकडे आधीपासून सगळ्या बॅटऱ्या डीन्सच्या आहेत त्यांनी बदलण्याचे कारण नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मात्र मी तो सुचवत नाही.

ईसी३ आणि ईसी५ हे निळे कनेक्टर. ईसी३मध्ये एक्सटी६०प्रमाणेच ३.५ मिलिमीटरच्या पिना असतात, ईसी५मध्ये ५ मिलिमीटरच्या. त्यामुळे ईसी३ आणि एक्सटी६० यांच्यात विजेच्या दृष्टीने फारसा फरक नाही. फरक बसवण्याच्या पद्धतीत आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे. आयसी३ आणि आयसी५ हे स्पेक्ट्रमचे कनेक्टर त्यांच्याच आकाराचे असून त्यांत बॅटरीची माहिती चार्जरला कळवणारी एक जादा तार असते. आयसी३ हा ईसी३मध्ये आणि आयसी५ हा ईसी५मध्ये बसतो, म्हणून या घराण्यात एकदा शिरलेल्याला पुढे अडचण येत नाही.

ट्रॅक्सस कंपनीच्या गाड्यांना तिचा स्वतःचा कनेक्टर असतो. त्याचे संपर्क रुंद आहेत, पकड चांगली आहे आणि प्रवाहाची क्षमताही उत्तम आहे. प्रश्न एवढाच की तो इतर कंपन्यांच्या बॅटऱ्यांवर सहसा नसतो, आणि त्याच्या आयडी प्रकारात बॅलन्सच्या, म्हणजे सगळे सेल सारखे भरण्यासाठीच्या तारादेखील त्याच कनेक्टरमध्ये घेतलेल्या असल्यामुळे वेगळ्या कंपनीच्या चार्जरसाठी जोडतुकडा (अ‍ॅडाप्टर) लागतो. ज्यांच्याकडे गाडी, बॅटरी आणि चार्जर तिन्ही त्याच कंपनीचे आहेत त्यांनी काहीही बदलू नये.

४एसपासून वर एक्सटी९० किंवा ईसी५ घ्यावा. एक पंचमांश आकाराच्या, ८एसवर चालणाऱ्या गाड्यांत क्यूएस८ किंवा एएस१५० यांसारखे आणखी मोठे कनेक्टर वापरतात.

शर्यतीच्या कडक आवरणाच्या बॅटऱ्यांवर कनेक्टर नसतोच. आवरणातच ४ किंवा ५ मिलिमीटरची छिद्रे असतात आणि तारेच्या टोकाची गोल बुलेट थेट त्यांत बसते. रोध सर्वांत कमी, पण उलटी जोडणी अडवणारे काहीही नाही. लाल बुलेट काळ्या छिद्रात गेली की ईएससी त्या क्षणी संपला. नवशिक्याने आणि मुलांनी ही पद्धत वापरू नये.

ठिणगीविषयी

बॅटरी जोडताना टक असा आवाज येतो आणि ठिणगी दिसते, ते काही बिघडल्याचे लक्षण नाही. ईएससीमधील रिकामे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) एका क्षणात भरतात, त्यावेळी प्रचंड प्रवाह वाहतो. २एसला ही ठिणगी दुर्लक्ष करण्यासारखी असते. ६एसला मात्र ती पिनेच्या टोकावर काळे खड्डे पाडते आणि खड्डे पडलेली पिन खरखरीत होते. एक्सटी९०-एस हा हिरव्या रंगाच्या खुणेचा प्रकार यासाठीच आहे : त्यात एक छोटा रोधक बसवलेला असतो, पिना आत जाताना कपॅसिटर आधी त्या रोधकातून सावकाश भरतात आणि पूर्ण आत गेल्यावर मुख्य संपर्क जुळतो. म्हणून तो जोडताना झटक्याने न दाबता क्षणभर मध्ये थांबून मग पूर्ण दाबावा. ६एसच्या गाडीला मी हा प्रकार आग्रहाने सुचवेन.

तिसरी पायरी : तार आणि कनेक्टर यांची जोडी

गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. १६ गेज तारेचे क्षेत्रफळ सुमारे १.३ चौरस मिलिमीटर असते, १४ गेजचे २.१, १२ गेजचे ३.३ आणि १० गेजचे ५.३. एक्सटी६० आणि डीन्स यांना १२ किंवा १४ गेज, ईसी३ला १४ गेज आणि एक्सटी९० व ईसी५ यांना १० किंवा १२ गेज तार नीट बसते. १० गेजची तार एक्सटी६०च्या पिनेत बसत नाही म्हणून तिचे काही धागे कापून टाकलेले मी पाहिले आहेत. असे केल्यावर त्या ठिकाणी तार बारीकच होते, शिवाय कापलेले टोक बाहेर राहून शेजारच्या पिनेला टेकण्याची भीती असते. तार बसत नसेल तर एक पायरी मोठा कनेक्टर घ्यावा.

तार सिलिकॉन आवरणाचीच हवी. ती साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, सोल्डर करताना तिचे आवरण मागे सरकत किंवा वितळत नाही, आणि शेकडो बारीक धाग्यांमुळे ती गाडीत हवी तशी वळते.

चौथी पायरी : सगळ्यांसाठी एकच ठरवणे

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. कनेक्टर एका गाडीसाठी निवडायचा नसतो; आपल्याकडे असलेल्या आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत येतील अशा सर्व गाड्या, बॅटऱ्या आणि चार्जर यांच्यासाठी तो निवडायचा असतो. दोन गाड्या आणि चार बॅटऱ्या असतील आणि त्यांवर तीन प्रकारचे कनेक्टर असतील, तर मैदानावर नेमकी भरलेली बॅटरी दुसऱ्याच गाडीची निघते.

म्हणून कागद घेऊन आपल्याकडचे सर्व सामान लिहून काढावे, त्यातील सर्वांत जास्त प्रवाह ओढणारी गाडी शोधावी आणि तिला चालेल असा कनेक्टर सगळीकडे लावावा. २एस-३एसच्या एक दशांश गाड्याच असतील तर एक्सटी६०. आज पुष्कळ चार्जरांवर एक्सटी६०चीच जागा थेट दिलेली असते, हाही त्याच्या बाजूचा एक मुद्दा आहे. एक अष्टमांश गाडी आणि तिच्या ४एस-६एस बॅटऱ्या असतील तर त्यांचा गट निराळा मानून एक्सटी९० किंवा ईसी५ ठेवावा. दोन गटांचे दोन कनेक्टर असण्याचा एक फायदाही आहे, की ६एसची बॅटरी चुकून ३एसच्या ईएससीला जोडलीच जात नाही. सोबत चालवणारे मित्र जे वापरतात तेच घेणे शहाणपणाचे, कारण मैदानावर उसनी बॅटरी लागतेच.

जोडतुकड्यांचे काय? चार्जिंगसाठी ते खुशाल वापरावेत, कारण चार्जिंगचा प्रवाह ५-१० अँपिअरच्या आसपास असतो. गाडीत मात्र एका जोडाचे दोन जोड होतात, तार लांबते आणि बॉडीखाली जागा अडते. नवी बॅटरी चाचणीसाठी लावायची असेल तर एक-दोन दिवस चालेल, कायमचा जोडतुकडा नको.

बॅटरीच्या पांढऱ्या बॅलन्स कनेक्टरला या सगळ्यात हात लावायचा नाही. तो बहुधा जेएसटी-एक्सएच प्रकारचा असतो, त्यात सेलच्या संख्येपेक्षा एक तार जास्त असते आणि चार्जरशी तो तसाच जुळतो.

पाचवी पायरी : खरेदी करताना

नर आणि मादी या नावांचा गोंधळ होतो, कारण एक्सटी मालिकेत ज्या तुकड्याचे प्लास्टिक दुसऱ्याच्या आत जाते त्याच्या धातूला भोके असतात. नाव धातूवरून ठरते, असे लक्षात ठेवावे. बॅटरीवर नेहमी भोकांचा, म्हणजे धातू आत लपलेला तुकडा लावायचा आणि ईएससीवर पिनांचा. बॅटरीत वीज सदैव असते. तिच्या पिना उघड्या राहिल्या तर किल्ल्यांचा जुडगा किंवा पाना टेकून शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. चार्जरची तारही ईएससीसारखीच, म्हणजे पिनांची.

नक्कल ओळखायला एक साधी रीत आहे. अस्सल तुकड्यावर कंपनीचे नाव प्लास्टिकमध्ये स्पष्ट उठवलेले असते, दोन अर्धे भाग जोडताना शेवटपर्यंत सारखा जोर लागतो, आणि पिन चिमट्याने धरून हलवली तर प्लास्टिकमध्ये डुगडुगत नाही. पिन आधीच फिरत असेल तर तो कनेक्टर सोल्डरिंगच्या उष्णतेत तिरका होणार हे नक्की. लागतील त्यापेक्षा दोन जोड्या जास्त घ्याव्यात. एक सरावासाठी आणि एक पुढे सांगितलेल्या आधारासाठी.

सहावी पायरी : सोल्डर करणे

चांगला कनेक्टर वाईट सोल्डरने वाया जातो, आणि गाडीत तापणाऱ्या कनेक्टरांपैकी पुष्कळांचा दोष जोडात असतो, कनेक्टरमध्ये नाही.

सोल्डरिंग आयर्न ६० वॅट किंवा त्याहून मोठे हवे आणि त्याचे टोक छिन्नीसारखे रुंद हवे. सर्किट बोर्डसाठीचे सुईसारखे टोक १२ गेजच्या तारेला तापवूच शकत नाही. मग आपण ते अर्धा मिनिट धरून ठेवतो आणि तेवढ्यात उष्णता प्लास्टिकमध्ये पोहोचते. मोठे टोक, ३८० ते ४०० अंश तापमान आणि तीन-चार सेकंदांचा स्पर्श, असे हे काम आहे. सोल्डर ६३/३७ प्रमाणातील कथिल-शिशाचे आणि आत रोझिन असलेले घ्यावे. ते १८३ अंशांना वितळते आणि लगेच गोठते. नळकामाचे आम्लयुक्त फ्लक्स वापरू नये, ते नंतर तांबे खात राहते. खिडकी उघडी ठेवावी, डोळ्यांवर चष्मा असावा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

सुरुवात ईएससीच्या बाजूने करावी, कारण तिथे वीज नाही. श्रिंक ट्यूबचा तुकडा आधी तारेवर घालून शक्य तितका मागे सरकवावा. हे विसरल्याचे सोल्डर गार झाल्यावर लक्षात येते आणि सगळे पुन्हा करावे लागते. तारेचे आवरण पिनेच्या वाटीच्या खोलीएवढेच सोलावे, धागे हलकेच पिळावेत आणि त्यांत सोल्डर मुरवावे. आयर्न खालून लावायचे आणि सोल्डर वरून तारेला लावायचे. तारेच्या उष्णतेने ते वितळून धाग्यांमध्ये शोषले गेले पाहिजे. आयर्नवर वितळवून वरून थापलेले सोल्डर आत जात नाही.

आता कनेक्टरचा जोडीदार तुकडा त्यात घालून ठेवावा. जास्तीच्या जोडीतील तो तुकडा उष्णता शोषून घेतो आणि प्लास्टिक मऊ झाले तरी पिना सरळ धरून ठेवतो. त्याला बॅटरी जोडलेली नसावी, हे वेगळे सांगायला नकोच, तरी सांगतो. जोडी शिकंज्यात किंवा लाकडाच्या खाचेत घट्ट बसवावी. पिनेच्या वाटीत साधारण दोन तृतीयांश सोल्डर भरून वितळवावे, आयर्न वाटीला बाहेरून टेकलेले असतानाच तार आत उतरवावी, दोन्हींचे सोल्डर एकजीव झालेले दिसले की आयर्न काढावे आणि तार अजिबात न हलवता धरून ठेवावी. चकाकणारा पृष्ठभाग क्षणात किंचित निवतो, तो गोठण्याचा क्षण. त्याआधी हात हलला तर जोड दाणेदार आणि राखाडी दिसतो. तसा दिसला तर पुन्हा तापवून करावा. गार झाल्यावर श्रिंक ट्यूब पुढे ओढून गरम हवेने आवळावी.

बॅटरीच्या बाजूला एकच नियम, पण तो कधीही मोडायचा नाही : एका वेळी एकच तार. बॅटरी साठवणीच्या पातळीवर, म्हणजे दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास आणावी. जुना कनेक्टर दोन्ही तारांसह एकदम कापला तर कात्रीच दोन्ही तारा जोडते आणि बॅटरी शॉर्ट होते. म्हणून आधी फक्त काळी तार कापावी, सोलावी, सोल्डर करावी, तिच्यावर श्रिंक ट्यूब आवळावी. तोपर्यंत लाल तार जुन्या कनेक्टरमध्येच राहू द्यावी. काळी पूर्ण झाकली गेली की मगच लाल कापावी. टेबलावर धातूची पट्टी, चिमटे, सुटे स्क्रू काही ठेवू नये. अंगठी आणि धातूचे घड्याळ काढून ठेवावे.

ईसी३ आणि ईसी५ यांची रीत उलटी आहे. त्यांत आधी सुट्या पिनेला तार सोल्डर करायची आणि नंतर पिन मागून निळ्या घरात दाबायची. प्लास्टिकला उष्णता लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण पिन एकदा खट् आवाज करून बसली की ती पुन्हा काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून दाबण्याआधी घरावरील धन-ऋण खुणा दोनदा पाहाव्यात. सोल्डरचा थेंब पिनेच्या बाहेर सांडलेला असेल तर ती आत पूर्ण जात नाही. तो आधी कानसीने साफ करावा. बॅटरीच्या पिनेला तार जोडली की ती लगेच घरात बसवावी, दुसरीला हात लावण्यापूर्वी.

सातवी पायरी : जोडण्याआधीची आणि नंतरची तपासणी

तार हाताने जोरात ओढून पाहावी; चांगला जोड हाताने सुटत नाही. मग मल्टीमीटर घेऊन लाल टोक कनेक्टरच्या धन खुणेला आणि काळे ऋण खुणेला लावावे. भरलेल्या २एस बॅटरीला ८.४ आणि साठवणीच्या पातळीवर ७.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. आकड्याआधी वजा चिन्ह आले तर तारा उलट्या लागल्या आहेत, आणि ती बॅटरी त्या स्थितीत कशालाही जोडू नये. ईएससीच्या बाजूला लाल तार खरोखरच धन खुणेच्या पिनेवर गेली आहे का, हे डोळ्यांनी आणि मीटरच्या बझरने दोन्ही प्रकारे तपासावे. चार्जरची नवी तार केली असेल तर तिची केळी-पिनांची (बनाना प्लगची) बाजू नेहमी चार्जरमध्ये आधी घालावी आणि बॅटरी नंतर जोडावी. उलट क्रमाने केले तर मोकळ्या केळी-पिना एकमेकींना टेकून बॅटरी शॉर्ट होते.

गाडीत तारा अशा बसवाव्यात की त्या फिरणाऱ्या गिअरला आणि ड्राइव्हशाफ्टला लागणार नाहीत, आणि कनेक्टरच्या तोंडाशी तार लगेच काटकोनात वळणार नाही. सोल्डर जिथे संपते तिथे तार ताठ असते आणि सततच्या धक्क्यांनी ती नेमकी तिथेच तुटते.

नंतर पाच मिनिटे गाडी चालवून थांबावे, बॅटरी काढण्याआधी बोटांनी कनेक्टरला हात लावावा आणि मग त्याच तारेला वीतभर अंतरावर. दोन्ही सारखे कोमट असतील तर काम नीट झाले आहे. दोन्ही गरम असतील तर तार बारीक आहे किंवा गिअर जड आहेत. कनेक्टर तारेपेक्षा स्पष्ट जास्त गरम असेल तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या सोल्डरमध्ये आहे. आणि एकच पिन गरम असेल तर तो बहुतेक वेळा सोल्डरचाच दोष असतो. ही तपासणी नव्या कनेक्टरनंतर, नव्या मोटरीनंतर आणि गिअर बदलल्यावर प्रत्येक वेळी करावी.

पुढील निगा

काढताना तार धरून ओढू नये, दोन्ही प्लास्टिकचे भाग धरून सरळ ओढावे. चिखलात किंवा धुळीत चालवल्यानंतर पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्याव्यात. एक्सटी मालिकेच्या पिनांना टोकाकडून फुलीसारखी खाच असते. कनेक्टर सहज सुटू लागला तर पातळ पाते त्या खाचेत घालून पिनेच्या पाकळ्या अगदी किंचित फाकवाव्यात, पकड परत येते. हे दोन-तीनदा करता येते, त्यानंतर पिन तुटण्याची शक्यता असते.

प्लास्टिकचा रंग बदलला असेल, पिन तिरकी झाली असेल किंवा संपर्कावर काळे खड्डे दिसत असतील तर कनेक्टर बदलावा, आणि तो बदलताना समोरचा जोडीदारही बदलावा. तापून सैल झालेली जुनी बाजू नव्या बाजूला तशीच तापवते. गाडीकडची बाजू बदलली आणि चार बॅटऱ्या जुन्याच राहिल्या, तर त्या चौघींच्या पिना एकेक करून तपासाव्यात. त्यांतील जी बॅटरी पाच मिनिटांच्या चाचणीत इतरांपेक्षा जास्त गरम कनेक्टर दाखवेल, तिचा कनेक्टर आधी बदलावा.